दादांचं उत्तर वहिनींकडून का येतं?

प्रिय ताई,

मी निफाड तालुक्यातला, वय ३८. वडिलांनी सुरू केलेलं कृषी सेवा केंद्र मी आणि माझे थोरले भाऊ मिळून चालवतो. दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठे. काउंटर, गिऱ्हाईक, बागांच्या भेटी त्यांच्याकडे. खरेदी, बँक, जीएसटी आणि उधारीची वही माझ्याकडे. वडील तीन वर्षांपूर्वी गेले.

गेल्या हंगामात दादांनी एका बागायतदाराला मला न विचारता चार लाखांच्या वर औषधं-खतं उधार दिली. अवकाळीत त्याची बाग गेली आणि पैसे अडकले. कंपनीचं देणं भागवायला मला सीसीमधून (बँकेच्या कॅश क्रेडिट खात्यातून) रक्कम उचलावी लागली. मार्चअखेरचा हिशेब करताना हे सगळं एकदम समोर आलं. दुकानात दोन-तीन गिऱ्हाइकं उभी होती, तरी माझ्या तोंडून गेलं, "हे दुकान आहे की अन्नछत्र?" दादा काहीच बोलले नाहीत.

तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. काही सांगायचं असलं तर मी दुकानातल्या पोऱ्याकरवी सांगतो, नाहीतर माझी बायको वहिनींना सांगते. उत्तर वहिनींकडून येतं. "भाऊजींचं बोलणं यांना फार लागलंय." "हे म्हणतात, त्यालाच सगळं कळतं तर त्यानंच चालवावं दुकान." शेवटी मी दुकानाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर उधारीचे नियम सविस्तर लिहून टाकले. त्यावर दादांनी नुसता अंगठा टाकला. गिऱ्हाइकांशी मात्र पहिल्यासारखे हसून-खेळून असतात. घरी आई दोघांना वेगवेगळ्या वेळी जेवायला वाढते.

द्राक्षाची गोडी छाटणी (फळांसाठीची छाटणी) तोंडावर आली आहे. दादांना माझा मुद्दा कसा पटवून द्यावा? माझं नेमकं चुकलं काय? आणि काहीच जमलं नाही तर वाटणी मागावी का?

— एक धाकटा

———

भाऊ,

तुमच्या पत्रात आकडे चोख आहेत. चार लाख, सीसी, मार्चअखेर, सगळं जिथल्या तिथे. हिशेब सांभाळणाऱ्या माणसाचं पत्र आहे हे न सांगता कळतं. पण त्यात दोन गोष्टी कुठेच नाहीत, आणि माझं सगळं उत्तर त्या दोन गोष्टींभोवती फिरणार आहे.

पहिली म्हणजे दादांच्या तोंडून तुम्ही स्वतः ऐकलेलं एकही वाक्य. मी मुद्दाम शोधलं. "लागलंय" हे वहिनींचं. "त्यालाच सगळं कळतं" हेही वहिनींनी सांगितलेलं, आणि तेही बहुधा आधी तुमच्या बायकोला, मग तुम्हाला. थेट दादांकडून आलेला म्हणावा तर तो एक अंगठा. दुसरी गोष्ट म्हणजे दादांनी त्या बागायतदाराला एवढा माल दिला का, याचं कारण. किती दिला ते आहे, बुडाला कसा तेही आहे, पण का दिला ते नाही. तुम्ही लिहायचं विसरलात असं मला वाटत नाही. तुम्हाला ते माहीतच नाही, कारण तुम्ही विचारलेलं नाही.

तेव्हा "मुद्दा कसा पटवावा" हा प्रश्न मी थोडा बाजूला ठेवते. समोरच्याचा मुद्दा काय आहे तेच ठाऊक नसताना आपला पटवायला निघणं म्हणजे औषधाचा अंदाजपंचे फवारा. रोग डावणी आहे की भुरी, ते आधी पान उलटून बघावं लागतं, हे मी तुम्हाला काय सांगणार!

आता "माझं चुकलं काय" याकडे येऊ. उधारीबद्दलची तुमची काळजी अगदी रास्त आहे. द्राक्षाच्या पट्ट्यात दुकानदार छाटणीपासून माल देत राहतो आणि पैसे बाग विकली गेल्यावर पाहतो. मधले चार-पाच महिने तो स्वतः कंपनीचा देणेकरी असतो. एक बाग गेली की तिच्याबरोबर दुकानाचाही तोल जातो. हे कुणीतरी मोठ्यानं म्हणायलाच हवं होतं. पण तुम्ही ते म्हणालात तेव्हा ऐकायला कोण कोण होतं, याचा जरा विचार करा. दादा तर होतेच. पोऱ्या होता. आणि दोन-तीन गिऱ्हाइकं. ती गिऱ्हाइकंही बागायतदारच असणार, म्हणजे त्यांचीही पानं तुमच्या त्याच वहीत असणार. तुम्ही "अन्नछत्र" म्हणालात तेव्हा त्यांनी काय ऐकलं असेल? आपण इथे उधार नेतो म्हणजे फुकटचं जेवायला येतो, हेच. दादांनी वर्षानुवर्षं त्यांच्या बांधावर जाऊन, घड हातात घेऊन जी ओळख जोडली, तिच्यावर त्या एका वाक्याचा शिंतोडा उडाला. तुम्ही बोललात एका माणसाशी, पोचलं ते दुकानातल्या प्रत्येकाकडे, आणि प्रत्येकाकडे वेगळं होऊन पोचलं. त्यातून काउंटर हाच दादांचा मान. वहीतला मान तुमचा आहे, तो चार भिंतींच्या आत असतो. त्यांचा मान गिऱ्हाइकांच्या डोळ्यांत असतो, आणि धाकट्या भावानं तो तिथेच उतरवला.

एवढं सगळं एका वाक्यात होतं, म्हणून ते सहा महिने टिकलं.

ते टिकायला आणखी एक कारण आहे, आणि मला तेच जास्त गंभीर वाटतं. तुमच्या दोघांच्या मध्ये आता फार माणसं झाली आहेत.

फ्रेडरिक बार्टलेट नावाचे केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ होते. १९३२ साली त्यांनी आपले स्मरणशक्तीवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. त्यातला एक प्रकार असा: अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची एक लोककथा एकाला वाचायला द्यायची, त्यानं ती आठवून लिहायची, ते लिखाण दुसऱ्यानं वाचून पुन्हा आठवून लिहायचं, असं पुढे पुढे. गोष्ट दर हाताला आखूड होत गेली हे तर झालंच. गंमत पुढे आहे. जे वाचणाऱ्यांच्या ओळखीचं नव्हतं ते गळलं किंवा बदललं. कथेतली डोंगी साधी होडी झाली, सील या समुद्री प्राण्यांच्या शिकारीची मासेमारी झाली. खोटं बोलायचं म्हणून कुणी काही बदललं नव्हतं. प्रत्येकानं आपल्याला जे पटण्यासारखं होतं ते ठेवलं, इतकंच.

आता हेच तुमच्या घरात लावून बघा. समजा, दादा रात्री जेवताना वहिनींना म्हणाले, "हिशेबातलं त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं. बघू दे आता त्यालाच." असं ते म्हणाले असतील असा माझा दावा नाही, पण म्हणाले असते तरी तुमच्यापर्यंत ते काय होऊन आलं असतं? वहिनी नवऱ्याच्या बाजूच्या, त्यांना नवऱ्याचं दुखणं जास्त ऐकू येणार. तुमची बायको तुमच्या बाजूची, तिला त्यातला टोमणा जास्त ऐकू येणार. दोन हातांतून वाक्य तुमच्याकडे आलं तेव्हा त्याचं "त्यालाच सगळं कळतं तर त्यानंच चालवावं" झालं असेल. दोघींच्याही मनात काही वाईट नाही. पण वाक्याबरोबर येणारा सुस्कारा, मधली थांबण्याची जागा, डोळ्यांतलं पाणी यातलं काहीच निरोपातून येत नाही. आणि तुमचे निरोपही तिकडे असेच पोचत असणार हे विसरू नका. तुम्ही पोऱ्याला "दादांना विचार, त्या पार्टीचं काय झालं" असं साध्या आवाजात सांगितलंत, तरी तो ते कोणत्या चालीत म्हणतो हे तुम्ही कधी ऐकलंय का?

कुटुंबांवर काम करणारे अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ मरे बोवेन यांनी एक गोष्ट पक्की नोंदवून ठेवली आहे. दोन माणसांमधला ताण वाढला की ती तिसऱ्याला आत ओढतात. तिसऱ्याशी बोलून वाफ निघून जाते, बरं वाटतं, आणि म्हणूनच मूळ दोघांचं बोलणं पुढे ढकललं जातं. तुमच्याकडे सहा महिने हेच चाललं आहे. निरोप पोचतात, माल सुटतो, दुकान चालतं. त्यामुळे दोघांनाही अजून बोलायची वेळच आलेली नाही. किंमत वहिनी, तुमची बायको आणि आई मोजताहेत, आणि आईनं तर म्हातारपणी दोन पंगती उठवायच्या.

म्हणून पहिलं काम दादांकडचं नाही, स्वतःच्या बायकोकडचं. तिला सरळ सांगा, "आजपासून दादांचं काही असलं तर मला सांगू नकोस, आणि माझं काही वहिनींना सांगू नकोस. तू आणि वहिनी तुमचं तुमचं बोला." वहिनी काही सांगायला लागल्या, तर "वहिनी, मी दादांनाच विचारतो" एवढंच म्हणा. नाराजीच्या सुरात नको. त्यांनाही सुटल्यासारखं वाटेल, बघा. पोऱ्याच्या बाबतीत तर हे आजच्या आजच करा. मालकांच्या भांडणात नोकराला निरोप्या करणं त्याच्यावर अन्याय आहे. शिवाय बाहेर चहाच्या टपरीवर तुमच्या घरची बातमी कुठून जाते, याचं उत्तरही तिथेच असू शकतं.

आता व्हॉट्सअ‍ॅप. तुम्ही नियम "सविस्तर" लिहिलेत म्हणता. तुमच्या मते ते स्पष्टीकरण होतं. दादांनी ते कसं वाचलं असेल? धाकट्यानं आधी गिऱ्हाइकांसमोर सुनावलं, आता पोऱ्यासमोर परिपत्रक काढलं. दुकानाचा ग्रुप म्हटल्यावर पोऱ्या त्यात असणारच. लिहिलेल्या मजकुरात सूर नसतो, पण लिहिणाऱ्याला तो स्वतःच्या डोक्यात ऐकू येत असतो. जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली ई-मेलवर नेमकं हेच तपासलं. लिहिणाऱ्यांना वाटत होतं, आपण गंभीरपणे लिहिलंय की उपरोधानं, हे वाचणाऱ्याला चारपैकी तीनदा तरी कळेल. प्रत्यक्षात वाचणाऱ्यांचा अंदाज निम्म्याच्या जरासा वर बरोबर आला, म्हणजे नाणं उडवून ठरवल्यासारखाच. आवाजात सांगितलं तेव्हा फरक बराच नीट कळला. तेव्हा ग्रुपवर "गाडी आली", "अमुक औषध संपलं", "उद्या सुट्टी" एवढंच राहू द्या. पैसे, मान, नाराजी या गोष्टी तिथे लिहायच्या नाहीत. आणि त्या अंगठ्याचा अर्थ लावत बसू नका. "बरं", "वाचलं", "पुरे आता", "तुझं चालू दे" यांतलं काहीही तो असू शकतो.

तुम्ही म्हणाल, ताई, नऊ वर्षांनी मोठा सख्खा भाऊ आहे, त्याच्या मनातलं मला कळत नाही होय? घरोघरी हाच भरवसा घात करतो. २०११ साली अमेरिकेत केनेथ सॅविट्स्की आणि सहकाऱ्यांनी काही प्रयोग केले. त्यांतल्या एकात २४ जोडपी होती. नवरा-बायकोला एकमेकांकडे पाठ करून बसवलं आणि दोन-तीन अर्थ निघतील अशी रोजची वाक्यं बोलायला लावली. बोलणाऱ्याला नेमकं काय म्हणायचंय ते ऐकणाऱ्यानं ओळखायचं. नवरा-बायकोला ते अनोळखी माणसांपेक्षा काही जास्त जमलं नाही. पण आपलं म्हणणं कळणार याची खात्री मात्र अनोळखी माणसापेक्षा आपल्या जोडीदाराबद्दल जास्त होती. अनोळखी माणसाशी आपण फोड करून बोलतो, विचारून घेतो. घरच्या माणसाबद्दल आपण धरून चालतो. एखाद्या नव्या गिऱ्हाइकानं तुम्हाला न सांगता माल परत आणला असता तर तुम्ही "काय झालं?" असं विचारलं असतंत. दादांना विचारलं नाहीत, कारण उत्तर माहीत आहे असं तुम्हाला वाटत होतं: दादा भोळे आहेत, दादांना नाही म्हणता येत नाही, दादांना हिशेब कळत नाही. यातलं एखादं खरंही असेल. पण मग ते दादांच्याच तोंडून येऊ द्या.

जाता जाता एक सांगून टाकते, कारण असं पत्र छापलं की कुणीतरी हमखास सल्ला देतं: "संवादात ९३ टक्के देहबोली असते, शब्दांना किंमत फक्त सात टक्के." हे आकडे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ च्या प्रयोगांतून आले. एकेक सुटा शब्द वेगवेगळ्या सुरात म्हटला, किंवा त्याच्याबरोबर वेगवेगळ्या चेहऱ्याचा फोटो दाखवला, तर ऐकणारा बोलणाऱ्याची भावना कशावरून ओळखतो, एवढाच तो प्रश्न होता. हे आकडे सगळ्या संभाषणाला लावू नयेत असं खुद्द मेहराबियन यांनीच सांगितलं आहे. तुमच्या बाबतीत शब्दांना किंमत आहे, भरपूर आहे. "अन्नछत्र" हा एकच शब्द होता.

आता कधी आणि कुठे. छाटणी सुरू झाली की दादा सकाळपासून रात्रीपर्यंत फवारणीच्या प्रश्नांत गुंतणार, म्हणजे पुढचे दोन महिने विसरा. त्याआधीच बोला. दुकानात नको, तिथे कधीही कोणी येतं. घरी आईसमोरही नको, कारण ती मध्ये पडेल आणि दोघंही तिच्याकडे बघून बोलायला लागाल. माझं मत विचाराल तर गाडीत. नाशिकला वितरकाकडे जायचं काम काढा आणि "दादा, चला, माझ्याबरोबर या" असं स्वतः तोंडानं म्हणा. गाडीत दोघांची तोंडं रस्त्याकडे असतात. पुरुष माणसांना समोरासमोर बसून जे बोलवत नाही ते शेजारी बसून बोलवतं. आणि ते मध्येच उठून जाऊ शकत नाहीत, हा त्यातला लबाडीचा फायदा.

सुरुवात उधारीपासून करू नका. सुरुवात त्या वाक्यापासून करा, आणि फक्त त्या वाक्यापुरती. "दादा, मार्चमध्ये गिऱ्हाइकांसमोर मी जे बोललो ते मी बोलायला नको होतं. चार माणसांत तुमचा मान गेला. माझी चूक झाली." इथे थांबा. "पण" येऊ देऊ नका. "माझी चूक झाली, पण तुम्हीही मला विचारायला हवं होतं" असं म्हटलंत की दादांना फक्त दुसरं अर्धं ऐकू येईल आणि पहिलं अर्धं वाया जाईल. विचारायला हवं होतं हे खरंच आहे, त्याची पाळी येणार आहे. आज येईल किंवा आठ दिवसांनी.

दादा गप्प बसतील. कदाचित नाशिक येईपर्यंत गप्प बसतील. ती शांतता तुम्ही भरून काढायची नाही. तुमच्यासारख्या हिशेबी माणसाला रिकामी जागा दिसली की तिथे काहीतरी लिहावंसं वाटतं, हे मला समजतं. तरी गप्प राहा. सहा महिन्यांचं साचलेलं बाहेर यायला वेळ लागतो.

मग विचारा. "तुम्ही त्याला एवढा माल का दिलात?" असं नको. धाकट्याच्या तोंडी ते लेखापरीक्षकाच्या प्रश्नासारखं ऐकू येतं. "त्या वेळी नेमकं काय झालं होतं, मला सांगा ना" असं विचारा. आणि जे येईल ते पूर्ण ऐका. कदाचित तो बागायतदार वडिलांच्या वेळचा माणूस असेल. कदाचित त्यानं दादांसमोर असं काही बोलून दाखवलं असेल की रिकाम्या हातानं परत पाठवायची त्यांना भीती वाटली असेल. कदाचित दादांचा अंदाज चुकला, एवढंच असेल. काय ते मला ठाऊक नाही, तुम्हालाही नाही. म्हणून तर विचारायचं.

ऐकून झाल्यावर लगेच आपलं सुरू करू नका. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९५१ साली एका भाषणात एक साधा नियम सुचवला होता. वाद पेटला की थांबायचं, आणि समोरच्याचं म्हणणं व भावना त्याला "हो, बरोबर, हेच" असं वाटेल इतकं नीट बोलून दाखवल्याशिवाय आपला मुद्दा मांडायचा नाही. ऐकायला सोपं वाटतं, पण करून बघा. तुम्ही म्हणाल, "म्हणजे त्याचं आधीचं सगळं फिटलेलं होतं, आणि बाबा असते तर त्यांनीही दिलं असतं, असं तुम्हाला वाटलं. बरोबर ना?" दादा म्हणतील, "तसं नाही रे, बाबांनी दिलं नसतं, हे मला माहीत होतं. तरी दिलं." बघा, केवढा फरक पडला! तुम्ही परत बोलून दाखवलं नसतंत, तर तुमच्या मनात चुकीचंच घेऊन गाडीतून उतरला असता. रॉजर्स यांनी यातला धोकाही सांगितला होता: खरंच समजून घेतलंत तर तुमचं मत बदलू शकतं. त्याची तयारी ठेवून जा. समजून घेतलं म्हणजे मान्य केलं असं नाही, चार लाख अडकले ते अडकलेच.

यानंतर तुमचा मुद्दा. हल्ली शिबिरांमधून शिकवतात की "तुम्ही" न म्हणता "मला" नं सुरुवात करा. ठीक आहे, पण आपल्याकडे त्याचं बऱ्याचदा "मला वाटतं तुम्ही बेजबाबदार वागता" असं होतं. त्यात "मला" फक्त दाराशी उभा असतो, आत तुमचा आरोपच असतो. त्यापेक्षा घडलेलं सांगा, तुमचं काय झालं ते सांगा आणि एकच गोष्ट मागा. "दादा, मार्चमध्ये कंपनीचं भरायला सीसी उचलावी लागली. कुणाला सांगावं कळेना, मी फार घाबरलो होतो. एवढंच मागतो, एका नावावर लाखाच्या वर जायला लागलं की माल देण्याआधी मला एक फोन करा." घाबरलो हे म्हणायला जड जाईल. पण तुमच्या पत्रात ओळीओळीतून तेच दिसतंय, आणि दादांना आजवर फक्त तुमचा राग दिसला आहे.

लाखाचा आकडा मी उगाच घेतला, तो तुम्ही दोघांनी ठरवा. मात्र "दोघांनी" हा शब्द महत्त्वाचा. नियम तुम्ही करून दादांना कळवायचा नाही. आणि त्यात दादांचाही फायदा आहे, तो त्यांना दाखवा. काउंटरवर ओळखीच्या माणसाला तोंडावर नाही म्हणणं किती अवघड असतं हे तुम्ही आत बसून वही लिहिताना कधी अनुभवलं नसेल. "थांबा, भावाला एक फोन करतो" असं त्यांना म्हणता आलं, तर नकाराचा वाईटपणा तुमच्यावर येतो आणि त्यांची ओळख शाबूत राहते. वाईट व्हायची ती जागा तुम्ही आपणहून घ्या.

दादाही काही मागतील. चारचौघांत मला बोलायचं नाही, ग्रुपवर असलं टाकायचं नाही, बांधावर एकदा माझ्याबरोबर येऊन बघ, असं काहीतरी. ते तिथल्या तिथे कबूल करा, आणि पाळा. आणि जे चार माणसांत गेलं ते चार माणसांतच परत द्यावं लागतं, गाडीतली माफी तिथे पुरणार नाही. पुढच्या वेळी गिऱ्हाईक तुम्हाला डोस विचारील तेव्हा उत्तर येत असलं तरी "दादांना विचारा, बागेतलं त्यांनाच कळतं" असं त्याच्यासमोर म्हणा.

पहिल्या फेरीत काहीच झालं नाही, दादा "बरं" म्हणून खिडकीबाहेर बघत राहिले, तर? हरकत नाही. परत येताना चहा घ्या, दुसरं काही बोला, आणि दुसऱ्या दिवसापासून कामाचं बारीकसारीक थेट त्यांच्याशीच बोलायला लागा. "दादा, गाडी चारला येणार आहे." उत्तर आलं नाही तरी पोऱ्याकरवी विचारू नका. तुम्ही लिहिता तसे ते गिऱ्हाइकांत हसतात, म्हणजे हा बहुतेक तुमच्यावरचा रागच आहे. पण वडील जाऊन तीनच वर्षं झाली आहेत. झोप, जेवण, कामातलं मन यांत फरक दिसत असेल तर तो रागाच्या खात्यात टाकू नका. मानसिक आरोग्याच्या मदतीसाठी टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, मोफत आहे, मराठीतून बोलता येतं. घरच्या माणसानं फोन करून विचारलं तरी चालतं.

दोघांना जमतच नसेल तर तिसरा माणूस जरूर घ्या, पण तो दोघांनी मिळून निवडलेला असावा आणि तुम्ही दोघं एकाच खोलीत असताना बोलावा. मामा असतील, वडिलांचे जुने मित्र असतील. १५ ऑगस्ट २००७ पासून गावोगाव तंटामुक्तीच्या समित्या झाल्या, त्यांचीही रीत हीच, दोन्ही बाजूंना समोर बसवायचं. वहिनी जे करताहेत ते वेगळं. त्यांना कुणी निवडलं नाही, आणि त्या एका वेळी एकाच बाजूशी बोलतात.

राहिली वाटणी. मागू नका असं मी म्हणणार नाही. भावाभावांनी दुकानं वेगळी केली आणि सणाला एकत्र जेवले, अशी घरं पुष्कळ आहेत. पण तुमच्यासारखं दुकान वेगळं करायचं म्हणजे खतं, बियाणं आणि कीटकनाशकं यांचे परवाने कोणाच्या नावावर, सीसीला तारण काय, वहीतली कोणती नावं कोणाकडे, गोदाम कोणाचं, हे एकेक करून ठरवावं लागतं. आज गाडी किती वाजता येणार हे जे दोघं एकमेकांना सांगत नाहीत, त्यांना हे सगळं बोलायला किती बैठका लागतील याचा हिशेब तुम्हीच करा. एकमेकांशी बोलता येऊ लागल्यावरही वाटणीच हवीशी वाटली, तर तुमच्या सीएंना दोघांनी मिळून भेटा आणि जाण्याआधी आईच्या कानावर घाला. तोवर वाटणी हा शब्द बायकोजवळही काढू नका, रात्रीच्या जेवणापर्यंत तो दादांकडे पोचलेला असेल.

— तुमची ताई